विकत घ्यावयाचें घर तपासून घ्यावें काय ?

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. माघांतल्या एका रविवारीं सकाळीं अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत, म्हणजे जिला आपण सर्वजण एमआयडीसी म्हणतों तेथें, काम करणारे एक तरुण गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग तयार होतात, आणि तयार झालेला प्रत्येक भाग मापून पास किंवा नापास ठरविणें हें त्यांचें काम. त्यांच्या टेबलावर मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि तऱ्हेतऱ्हेचीं गेजें मांडलेलीं असतात. केसाच्या जाडीइतका फरक पडला तरी माल बाजूला काढावयाचा, आणि तसें करतांना कोणाची भीड धरावयाची नाहीं, अशी त्यांची ख्याति आहे. ते म्हणाले, “काका, बदलापूरला एक ब्लॉक पाहिला आहे. इमारत २२ वर्षांची, मजला तिसरा, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या रविवारीं बयाणा द्यावयाचा आहे. कोणी म्हणतात, इंजिनिअरला दाखवून घे. कोणी म्हणतात, उगाच पैसे घालवूं नकोस. तुम्ही काय सांगतां ?”

मीं विचारलें, “घर किती वेळ पाहिलें ?”

ते म्हणाले, “वीस मिनिटें.”

“आणि कारखान्यांत एका दातेरी चाकाला किती वेळ देतां ?”

ते हंसले, पण उत्तर त्यांनीं दिलें नाहीं.

हे गृहस्थ आळशी नव्हते, अडाणीहि नव्हते. आपल्यापैकीं बहुतेकांचें असेंच होतें. बाजारांत नारळ घेतांना तो आपण कानाशीं हालवून पाहतों, मुलीला स्थळ आलें तर तीन गांवांत चौकशी करतों. परंतु वीस वर्षांच्या कर्जाचें ओझें जिच्यासाठीं डोक्यावर घ्यावयाचें, ती वास्तु मात्र एका संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत, दलालाच्या पाठीमागून फिरून पसंत करतों. म्हणून ‘घर विकत घेण्यापूर्वीं तें जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावें कीं नाहीं’ या प्रश्नाचा आज आपण दोन्ही बाजूंनीं विचार करूं. मी स्वतः आयुष्यभर इमारतींच्या कामांत होतों. तेव्हां मी एका बाजूला झुकेन अशी शंका तुम्हांला येईल. ती मनांत ठेवूनच माझें म्हणणें ऐकावें.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम आजहि लागू आहे. विक्रेत्याला माहीत असलेला, खरेदीदाराला माहीत नसलेला, आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनहि सांपडला नसता असा महत्त्वाचा दोष विक्रेत्यानें उघड करून सांगितला पाहिजे, असें त्या कलमांत म्हटलें आहे. यांतील ‘सामान्य काळजी’ हे दोन शब्द नीट लक्षांत घ्या. जो दोष साध्या काळजीनें दिसला असता, तो सांगण्याचें बंधन या कलमानें विक्रेत्यावर घातलेलें नाहीं. शिवाय तो दोष विक्रेत्याला ठाऊक होता, हेंहि दाखवावें लागतें. आणि पुष्कळदां त्यालाहि तो खरोखरच ठाऊक नसतो. कारण त्यानें घर घेतलें तेव्हां त्यानेंहि तें तपासलें नव्हतें.

नव्या इमारतीची गोष्ट कांहींशी वेगळी आहे. १ मे २०१७ पासून पूर्णपणें लागू झालेल्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आंत बांधकामाचा दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्यानें तो ३० दिवसांत स्वखर्चानें दुरुस्त करून दिला पाहिजे. न दिल्यास भरपाई मागतां येते. हें संरक्षण मोलाचें आहे. परंतु अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथें नोकरदार माणूस पुष्कळदां जें घर घेतो, तें दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातचें असतें. २२ वर्षांच्या इमारतीवर हें छत्र उरलेलें नाहीं. तेथें जें कांहीं पाहावयाचें, तें पैसे देण्यापूर्वीं आपलें आपणच पाहिलें पाहिजे.

आतां आपल्या या पट्ट्याचा इतिहास पाहा. उल्हासनगर म्हणजे मूळचा कल्याणचा लष्करी तळ. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांसाठीं बांधलेल्या बरॅकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची सोय करण्यांत आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. घरदार गमावून आलेल्या माणसांनीं त्या बरॅकींच्या आसपास दुकानें आणि कारखाने उभारले, पुढें मजल्यांवर मजले चढविले. त्या उद्यमशीलतेचें कौतुक करावें तेवढें थोडें. परंतु त्या घाईंत परवानगी आणि नियम अनेक ठिकाणीं मागें राहिले. इतके कीं, अनधिकृत बांधकामें नियमित करण्यासाठीं २००६ सालीं राज्याला या एका शहराकरितां स्वतंत्र कायदा करावा लागला.

त्याचे परिणाम कागदावरच राहिले असते तर बरें झालें असतें. मे २०२१ मध्यें याच शहरांत पंधरवड्याच्या आंत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. १५ मे रोजीं कॅम्प क्रमांक १ मधील मोहिनी पॅलेस, आणि २८ मे रोजीं नेहरू चौकाजवळची साई सिद्धी. दुसऱ्या अपघातांत ७ माणसें दगावलीं. दोन्ही इमारतींना पुरतीं तीस वर्षेंहि झालेलीं नव्हतीं. पुढें सप्टेंबर २०२२ मध्यें कॅम्प क्रमांक ५ मध्यें असाच अपघात होऊन आणखी ४ जण गेले. या घटनांतून घर घेणाऱ्यानें एक गोष्ट शिकली पाहिजे. वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या मजल्यावर पडतो, त्या भारानें तो मजलाहि खचतो, आणि असें होत होत सारें तळापर्यंत येतें. जीं माणसें त्यांत सांपडतात, त्यांच्या स्वतःच्या घरांत कदाचित् एकहि दोष नसेल. ब्लॉक घेणारा माणूस चार भिंती विकत घेत नाहीं. तो एका इमारतीचा भागीदार होतो. म्हणून आपल्या ब्लॉकपुरती तपासणी ही अर्धीच तपासणी होय.

काँक्रीटच्या इमारतींत बिघाड होतो तो कसा, हें थोडक्यांत सांगतों. काँक्रीटच्या पोटांत लोखंडाच्या सळ्या असतात. ताज्या काँक्रीटमध्यें सिमेंटचा चुन्यासारखा क्षारगुण असतो आणि तोंपर्यंत सळीला गंज चढत नाहीं. परंतु हवेंतील कर्बद्विप्राणिल वायु वर्षानुवर्षें आंत झिरपत जातो आणि तो गुण हळूहळू नाहींसा करतो. रेती खारी असेल, किंवा सळीवरचें काँक्रीटचें आवरण पातळ ठेवलें असेल, तर सळीचें हें संरक्षण लवकर सुटतें. मग गच्चीची गळती, मोरीची ओल किंवा टाकीचें पाझरणें यांमुळें पाणी सळीपर्यंत पोहोंचलें कीं गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. आंतून फुगलेली सळी बाहेरचें काँक्रीट ढकलूं लागते. प्रथम सळीच्या रेषेनें बारीक तडा दिसतो, मग फुगवटा येतो आणि शेवटीं पोपडा गळून पडतो. बाहेर पोपडा दिसतो तेव्हां आंतली सळी बारीक होऊं लागलेली असते. अशा ठिकाणीं गिलावा करून वर रंग दिला, तर रोग झांकला जातो, बरा होत नाहीं. विकावयास काढलेल्या घराला नवा रंग दिलेला असणें हा गुन्हा नव्हे. पण फक्त एकाच कोपऱ्यांत नवा गिलावा दिसला, तर तो कां केला हें अवश्य विचारावें.

जाणता इंजिनिअर तपासणीला आला म्हणजे तो सरळ तुमच्या ब्लॉकमध्यें शिरत नाहीं. तो प्रथम गच्चीवर जातो. तेथें पाण्याची टाकी ज्या बीमवर उभी आहे ते बीम, गच्चीचा उतार, पावसाळी नळांचीं तोंडें आणि जिन्याच्या वरची छपरी तो पाहतो. मग जिन्यानें उतरत उतरत प्रत्येक मजल्यावरच्या बाहेरच्या भिंती आणि सांडपाण्याचे नळ पाहतो. शेवटीं तळमजल्यावर, जेथें गाड्या उभ्या करतात तेथें, उघड्या खांबांजवळ तो सर्वांत अधिक वेळ घालवितो. कारण साऱ्या इमारतीचा भार तेथून जमिनींत जातो. त्यानंतर तो ब्लॉकमध्यें येतो, आणि तेथेंहि दिवाणखान्याआधीं मोरी व संडास यांचीं छतें पाहतो.

नुसत्या पाहण्यानें शंका आली तर पुढचीं साधनें आहेत. काँक्रीटवर ठराविक जोराचा ठोका देऊन त्याच्या उसळीवरून पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज देणारा हातोडा असतो. अतिसूक्ष्म ध्वनिलहरी काँक्रीटमधून पाठवून त्यांच्या वेगावरून आंतली पोकळी ताडण्याचें यंत्र असतें. काँक्रीटच्या ताज्या कपच्यावर फिनॉल्फ्थॅलिन नांवाचें औषध लावलें, तर निरोगी भाग गुलाबी होतो आणि ज्याचा क्षारगुण गेला आहे तो भाग तसाच राहतो. ही परीक्षा इतकी सोपी आहे कीं शाळेंतला मुलगाहि तिचा अर्थ समजूं शकेल. मात्र असल्या परीक्षांसाठीं खांबाला हात लावावा लागतो, आणि त्याला सोसायटीची परवानगी पाहिजे. ती परवानगी मागितल्यावर सोसायटी काय उत्तर देते, यावरूनहि पुष्कळ समजतें.

सोसायटीच्या दप्तराविषयींहि सांगितलें पाहिजे. महाराष्ट्रांतील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें, इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनीं, आणि ३० वर्षांवरची असेल तर दर ३ वर्षांनीं तिचें स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावयाचें असतें. तेव्हां विक्रेत्याकडे त्या अहवालाची प्रत मागावी. अहवाल ताजा आणि नीट असेल, तर तुमचा तपासणीचा निम्मा खर्च वांचला. अहवाल मुळींच नसेल, तर तीहि एक माहितीच झाली. त्याबरोबर दुरुस्ती निधींत किती रक्कम शिल्लक आहे आणि किती सभासदांचे हप्ते थकले आहेत, तेंहि पाहावें. उद्यांच्या दुरुस्तीचा पैसा शेवटीं तुमच्याच खिशांतून जावयाचा आहे.

कांहीं तपासणी मात्र इंजिनिअर करूं शकत नाहीं. ती आपण स्वतः, आणि योग्य वेळीं केली पाहिजे. बदलापुरांत घर घेणाऱ्यानें तें फाल्गुनांत पाहूं नये, आषाढांत पाहावें. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर अजून लोकांच्या आठवणींत आहे. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली आणि सुमारें एक हजार प्रवाशांना बोटींनीं बाहेर काढावें लागलें. नदीकांठच्या भागासाठीं निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आंखण्याची पद्धत आहे. सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणारा पूर जेथपर्यंत पोहोंचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदां येणारा पूर जेथपर्यंत पोहोंचतो ती लाल रेषा. ‘पंचवीस वर्षांतून एकदां’ हें ऐकून आपण निर्धास्त होतों. पण हिशेब वेगळाच आहे. दर वर्षीं शेंकडा ४ अशी शक्यता धरली, तर २० वर्षांच्या कर्जाच्या मुदतींत असा पूर निदान एकदां तरी येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५६ च्या आसपास होते. लाल रेषेवरच्या घरालाहि हीच रीत लावली, तर ती शेंकडा १८ येते. तळमजल्याचें घर असेल, तर रेषा कोठून जाते हें नगरपालिकेंत विचारावें आणि पाणी कोठवर आलें होतें हें कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावें. पुराची खूण त्यानें आपल्या फळीवर करून ठेवलेली असते.

अंबरनाथला कारखान्यांच्या जवळ घर घेणाऱ्यानें तें दिवसां पाहून समाधान मानूं नये. रात्रीं अकरानंतर तेथें एकदां जाऊन उभें राहावें, आणि वास, धूर व आवाज यांचा अनुभव घ्यावा. वालधुनी नदीच्या कांठीं घर असेल, तर तर हें अधिकच अगत्याचें. याच वालधुनीच्या कांठीं शके ९८२ मध्यें, म्हणजे इसवी सन १०६० सालीं, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळचें शिवमंदिर उभें आहे. साडेनऊशें वर्षांहून जुनें मंदिर उभें आहे आणि तीस वर्षांच्या आंतली इमारत पडते, असें म्हणून पुष्कळ लोक उसासा टाकतात. मला ही तुलना न्याय्य वाटत नाहीं. दगडाचें आयुष्य वेगळें, लोखंड पोटांत घेतलेल्या काँक्रीटचें वेगळें. काँक्रीट हा वाईट पदार्थ नव्हे. त्याची निगा राखावी लागते, इतकेंच. ती राखली गेली आहे कीं नाहीं, हाच तपासणीचा प्रश्न.

येथें एक खुलासा अवश्य केला पाहिजे. इंजिनिअर भिंत तपासतो, कागद तपासीत नाहीं. शेजारच्या कल्याण-डोंबिवलींत बनावट परवानग्यांच्या आधारें महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारतींचें प्रकरण उघडकीस आलें, आणि त्या पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला. या इमारतींत घरें घेणाऱ्या कुटुंबांनीं कष्टाचे पैसे मोजले होते. त्यांच्या भिंती कितीहि मजबूत असत्या तरी त्यांचें संकट टळलें नसतें. तेव्हां वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध, जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बांधकामाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र हीं सर्व पाहून घ्यावीं. आणि परवानगीची प्रत विक्रेत्याकडून घेऊन न थांबतां, ती जेथून निघाली त्या कचेरींत ताडून पाहावी. एक तपासणी दुसरीचें काम करीत नाहीं.

पुष्कळ लोक म्हणतात, “बँक कर्ज देते आहे, म्हणजे घर चांगलेंच असणार.” हा गोड गैरसमज आहे. बँकेचा माणूस येतो तो घराची किंमत ठरविण्यासाठीं. कर्ज बुडालें तर तें या मालमत्तेंतून वसूल होईल काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो. दहा वर्षांनीं तुमच्या मोरीचें छत गळेल काय, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

इतर देशांत काय चालतें तें पाहिलें, तर दोन तऱ्हा दिसतात. अमेरिकेंत खरेदीदार स्वतःच्या खर्चानें तपासनीस आणतो. तेथील गृहतपासनिसांची संस्था १९७६ सालीं स्थापन झाली. स्कॉटलंडमध्यें डिसेंबर २००८ पासून बहुतेक घरांच्या बाबतींत घर बाजारांत मांडण्यापूर्वींच विक्रेत्यानें तपासणीचा अहवाल तयार ठेवावा, असा नियम आहे. स्कॉटलंडच्या रीतींत दहा गिऱ्हाइकांनीं दहा वेळां तोच खर्च करावा लागत नाहीं. अमेरिकेच्या रीतींत तपासनीस खरेदीदाराचा माणूस राहतो. आपल्याकडे दोहोंपैकीं एकाचीहि सक्ति नाहीं. म्हणूनच निवड आपल्यावर येते.

आतां विरुद्ध बाजू. पहिला आक्षेप खर्चाचा. मानूं कीं घराची किंमत ३५ लाख रुपये आहे. मुद्रांक शुल्काचे दोन लाखांच्या घरांत जातात, दस्त नोंदणीचे ३० हजार जातात, शेंकडा १ दराची दलाली धरली तरी ३५ हजार होतात. हे पैसे आपण कुरकुरत कां होईना, पण देतों. अनुभवी इंजिनिअरची डोळ्यांनीं केलेली पाहणी यांपैकीं कोणत्याहि रकमेहून स्वस्त पडते. तेव्हां खर्चाचा आक्षेप मला फारसा टिकणारा वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. “तपासणीचें नांव काढलें कीं विक्रेता रागावतो, आणि तोंवर दुसरें गिऱ्हाईक घर घेऊन जातें.” हें खरेंच घडतें. त्यावर उपाय एवढाच कीं, बयाण्यापूर्वींच्या आठवड्यांत तपासणी उरकावी, विक्रेत्याला तीन दिवसांची मुदत मागावी, आणि त्याच्या घरावर अविश्वास दाखविल्यासारखें न बोलतां साऱ्या इमारतीविषयीं बोलावें. एवढें करूनहि घर हातचें जाऊं शकतें.

तिसरा आक्षेप असा कीं, तपासनिसालाहि सारें दिसत नाहीं. तोहि खरा आहे. पाया त्याला दिसत नाहीं, भिंतींत गाडलेला नळ दिसत नाहीं, आणि तासाभराच्या पाहणीवरून इमारत किती वर्षें टिकेल याची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं. जो देतो त्याच्यापासून दूर राहावें. शिवाय तपासनीस दलालानें आणलेला असेल तर त्याचा अहवाल दलालाच्या सोयीचा असण्याचा संभव असतो. पालिकेकडे नोंदलेला, व्यवहाराशीं कसलाहि संबंध नसलेला, आणि दुरुस्तीचें कंत्राट स्वतः न घेणारा इंजिनिअर आपण निवडावा व त्याची फी आपणच द्यावी.

सर्व बाजू मांडल्यावर माझें मत सांगतों. तपासणीची किंमत तिच्या उत्तरानें तुमचा निर्णय बदलूं शकतो कीं नाहीं यावर अवलंबून आहे. कांहींहि निघालें तरी हेंच घर घ्यावयाचें, असें मनांत पक्कें ठरलें असेल, तर तपासणी करूं नये. ते पैसे आणि तो मनस्ताप दोन्ही व्यर्थ जातील. परंतु काय आढळलें तर किंमत कमी मागावयाची, काय आढळलें तर विक्रेत्याकडून दुरुस्ती करून घ्यावयाची, आणि काय आढळलें तर सरळ उठून यावयाचें, हें आधीं कागदावर लिहून ठेवण्याची तुमची तयारी असेल, तर तपासणी अवश्य करावी. हा कागद इंजिनिअर येण्यापूर्वीं लिहावा. घर मनांत भरलें कीं तडाहि बारीक दिसूं लागतो.

मीं त्या तरुण गृहस्थांना हेंच सांगितलें. त्यांनीं कागद लिहिला. दुसऱ्या एका इंजिनिअरला त्यांनीं नेलें, मीहि बरोबर गेलों. ब्लॉक उत्तम होता. परंतु गच्चीवर टाकीखालच्या बीमच्या सळ्या उघड्या पडल्या होत्या, आणि तळाच्या दोन खांबांवर सळीच्या रेषेनें तडे होते. एकावर नव्या गिलाव्याचा ठिगळ होता. सोसायटीनें ऑडिट एकदांहि केलेलें नव्हतें आणि निधि जेमतेम होता. आज धोका नाहीं, पण थोड्या वर्षांत मोठी दुरुस्ती अटळ आहे, असा अहवाल आला. त्यांनीं किंमत कमी मागितली, विक्रेत्यानें नाकारली. विक्रेता लबाड नव्हता. त्याच्या मुलीचें लग्न ठरलें होतें आणि त्याला पुरी रक्कम हवी होती. आठ दिवसांत ब्लॉक दुसऱ्याला गेला.

घरीं पत्नीची निराशा झाली, सासऱ्यांनीं बोल लावला. दिवाळींत ते पुन्हां माझ्याकडे आले आणि म्हणाले, “काका, इमारत तर अजून उभी आहे. मी चुकलों का ?”

मीं म्हटलें, “तुम्ही नापास केलेला एखादा भाग यंत्रांत बसविला असता, तर तोहि कदाचित् वर्षभर चालला असता. म्हणून तो पास करावयास हवा होता काय ?”

याहून अधिक समाधानकारक उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. तथापि त्यांनीं केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. परत येण्यापूर्वीं त्यांनीं त्या अहवालाची एक प्रत सोसायटीच्या चिटणिसांच्या हातीं दिली होती. तें घर आपल्याला मिळावयाचें नाहीं हें ठाऊक असूनहि ते जिना चढून गेले. त्या इमारतींत सोळा बिऱ्हाडें राहतात. प्रथम चिटणीस रागावले. पण पुढच्या सभेंत तो अहवाल वाचला गेला, ऑडिट झालें, आणि गेल्या उन्हाळ्यांत त्या दोन खांबांना टेकू देऊन दुरुस्तीचें काम सुरू झालें. प्रत्येक बिऱ्हाडाला वर्गणी भरावी लागली. ज्यांनीं तो ब्लॉक घेतला त्यांनाहि भरावी लागली, आणि त्यांना ती अपेक्षित नव्हती.

आमच्या गृहस्थांनीं पुढच्या वर्षीं अंबरनाथ पूर्वेला एक लहानसा ब्लॉक घेतला. तपासणींत मोरीची गळती तेवढी निघाली. ती विक्रेत्यानें बयाण्यापूर्वीं दुरुस्त करून दिली. खोली एक कमी आहे, हें ते आल्यागेल्याला सांगतात.

श्रोतेहो, तुमच्यापैकीं जे येत्या कांहीं महिन्यांत घर घेणार असतील, त्यांनीं बयाणा देण्यापूर्वीं एकदां भर दिवसां त्या इमारतीच्या गच्चीवर जावें, मग तळाच्या खांबांजवळ उभें राहावें, आणि मगच जाणत्या माणसाला बोलवावयाचें कीं नाहीं तें ठरवावें.